ब्लिंक चाललं, पुढे काय? उदाहरणांच्या कोडवरून मायक्रोकंट्रोलर शिकताना

आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फाइल’ मेनूखाली ‘एक्झाम्पल्स’ नावाची यादी असते. त्यातलं ‘ब्लिंक’ उघडायचं, यूएसबी केबल लावायची आणि अपलोडचं बटण दाबायचं. बोर्डावरचा इवलासा एलईडी एक सेकंद पेटतो, एक सेकंद विझतो. इथपर्यंत सहसा कुणाचं अडत नाही. पुढची पाच-दहा उदाहरणंही अशीच चालतात. मग आपल्या मनातली एखादी साधी गोष्ट, म्हणजे ‘दिवा लुकलुकत राहावा आणि बटण दाबलं की थांबावा’ एवढीच, लिहायला घेतली की हात थबकतो. ब्लिंकचा कोड समोर असतो, बटणाचाही असतो, दोन्ही चालवून झालेले असतात, तरी जमत नाही.

यात शिकणाऱ्याचा दोष नाही. उदाहरण हे एकच गोष्ट दाखवायला लिहिलेलं असतं आणि ती ठळक दिसावी म्हणून बाकीचं सगळं त्यातून काढून टाकलेलं असतं. नेमकं काय काढलंय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते उदाहरणांवरून शिकणं म्हणजे हे वगळलेलं हुडकून काढणं. त्यासाठी चालणारं उदाहरण मुद्दाम मोडून बघण्याइतका चांगला मार्ग दुसरा नाही. म्हणून या लेखात ब्लिंकपासून सुरुवात करून मोडतोडच करू.

आधी चिपबद्दल थोडंसं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना हे सगळं एकाच चिपमध्ये. आर्डुइनो उनो आर३ या बोर्डावर एटीमेगा३२८पी ही चिप असते. तिचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्राम ठेवायला ३२ केबी फ्लॅश मेमरी आणि व्हेरिएबलसाठी जेमतेम २ केबी रॅम. ऑपरेटिंग सिस्टिम नाही. आपला प्रोग्राम संपला तर पुढे काय करायचं हे सांगायला तिथे कुणी नसतं, म्हणून तो संपतच नाही. ‘सेटअप’ नावाचं फंक्शन सुरुवातीला एकदा चालतं आणि नंतर ‘लूप’ नावाचं फंक्शन वीज जाईपर्यंत पुन्हा पुन्हा चालत राहतं.

ही सेटअप-लूपची मांडणी आली कुठून, हे जाणून घेण्यासारखं आहे. आर्डुइनोचा जन्म २००५ सालचा, इटलीतल्या इव्रेआ गावातल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतला. त्याच संस्थेत २००३ साली एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाची प्रणाली सुरू केली होती, आणि त्या वायरिंगवर चित्रकार-डिझायनरांसाठी बनवलेल्या ‘प्रोसेसिंग’ या भाषेची छाप होती. म्हणजे हे सगळं मुळात अशा लोकांसाठी घडवलं गेलं, ज्यांना चिपच्या आतड्यांत शिरायचं नव्हतं. गुंतागुंत झाकणं हा तिथे ठरवून घेतलेला निर्णय होता. त्यामुळे आज लाखो लोक पहिल्याच दिवशी दिवा लावू शकतात. आणि त्यामुळेच दुसऱ्या आठवड्यात अडकतात.

पाच ओळी, आणि त्या मोडायच्या कशा

ब्लिंकमध्ये कामाच्या ओळी पाचच आहेत. सेटअपमध्ये एक: ‘पिनमोड’ वापरून एलईडीची पिन आउटपुट म्हणून जाहीर करणं. लूपमध्ये चार: ‘डिजिटलराइट’ने पिन ‘हाय’ (५ व्होल्ट) करणं, ‘डिले’ (म्हणजे थांबणं) १०००, पिन ‘लो’ (शून्य व्होल्ट) करणं, पुन्हा डिले १०००. हे हजार म्हणजे मिलिसेकंद.

सर्वांत आधी ते १००० बदलून २०० करा. कारण अगदी व्यवहारी आहे: बरेच बोर्ड कारखान्यातूनच ब्लिंक भरून येतात. तुम्ही अपलोड केलं, दिवा लुकलुकला, आणि तुम्हाला वाटलं आपलं चाललं. प्रत्यक्षात अपलोड फसलेलं असून जुनाच प्रोग्राम चालू असू शकतो. वेग बदललेला दिसला, की केबल, पोर्ट, कंपायलर (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा), बूटलोडर (तो चिपमध्ये भरणारा) आणि चिप ही सगळी साखळी धड आहे हे एका झटक्यात कळतं. पुढेही कधी काहीच चालेनासं झालं की आपला कोड बाजूला ठेवून वेग बदललेलं ब्लिंक चढवून बघायचं. तेही चाललं नाही, तर कोडमध्ये डोकं खुपसण्यात अर्थ नाही. गडबड त्याच्या बाहेर आहे.

आता खरा खेळ. प्रत्येक बदलाआधी काय दिसेल याचा अंदाज कागदावर लिहायचा, मगच अपलोड करायचं. हे कंटाळवाणं वाटतं आणि सगळे टाळतात, पण बिनअंदाजाचा बदल ही नुसती चाळवाचाळव होते. दिसलं ते ‘असंच होणार होतं’ असं नंतर मनाला पटवणं फार सोपं असतं.

दोन्ही डिले १० करा. दिवा सेकंदाला पन्नास वेळा पेटतो-विझतो आणि आपल्या डोळ्याला जवळजवळ सलग दिसतो. अंधारात बोर्ड हातात घेऊन झरकन आडवा हलवला, तर प्रकाशाची रेघ तुटक दिसते. पुढच्या ‘फेड’ या उदाहरणात दिवा मंद-प्रखर होतो तो याच युक्तीने, फक्त तिथे हे काम चिपमधला टायमर कितीतरी जास्त वेगाने करतो.

आता डिले पुन्हा १००० करा आणि दुसरा डिले, म्हणजे पिन लो केल्यानंतरचा, पुसून टाका. काय होईल? बरेच जण म्हणतात, दिवा दुप्पट वेगाने लुकलुकेल. प्रत्यक्षात तो सतत पेटलेला दिसतो. पिन लो होते, पण लूप लगेच वर जातं आणि पुढची ओळ ती पुन्हा हाय करते. मधे गेले फक्त काही मायक्रोसेकंद, ते डोळ्याला दिसत नाहीत. तोच प्रयोग उलटा करून पहिला डिले पुसला, तर दिवा कायमचा विझल्यासारखा वाटतो. लूपची शेवटची ओळ संपली की पहिली ओळ तत्काळ सुरू होते ही गोष्ट वाचून पटते, पण अंगात मुरते ती या प्रयोगाने.

तिसरा प्रयोग मला सर्वांत आवडतो. ८ नंबरच्या पिनला २२० ओहमच्या रेझिस्टरमधून बाहेरचा एलईडी जोडा, कोडमध्ये पिन ८ करा, आणि पिनमोडची ओळ पुसून टाका. दिवा पेटणारच नाही असं वाटतं ना? तो पेटतो, पण अगदी मंद, मिणमिणता. कारण असं: पिन जाहीर न करता सोडली तर ती इनपुट असते. इनपुट असलेल्या पिनला हाय लिहिलं, तर एटीमेगाच्या आतला ‘पुल-अप’ रेझिस्टर, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे हलकेच ओढणारा, जोडला जातो. तो असतो २० ते ५० किलोओहमचा. त्यातून एलईडीला मिळते साधारण एक दशांश मिलिअँपिअर एवढीच वीज. एक ओळ पुसली आणि पुल-अप म्हणजे काय, इनपुट-आउटपुटमध्ये चिपच्या आत काय बदलतं, हे डोळ्यांसमोर आलं. शिवाय पुढे कधी एखादा एलईडी असाच मिणमिणला, तर पहिला संशय कुणावर घ्यायचा हे पक्कं झालं.

दोन उदाहरणं एकत्र आणली की

आता सुरुवातीची गोष्ट घेऊ: दिवा लुकलुकावा आणि बटणाने थांबावा. ‘बटन’ हे उदाहरण स्वतंत्रपणे छान चालतं. त्यात पिन २ ला बटण आणि १० किलोओहमचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की पिन हाय वाचली जाते आणि दिवा पेटतो. हा रेझिस्टर काढून बघायलाच हवा. तो नसताना पिन कुठेच बांधलेली नसते, आणि मग नुसता हात जवळ नेला तरी दिवा वेड्यासारखा वागतो. अशा मोकळ्या पिनला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. चिपमधलाच पुल-अप वापरणारं आणखी एक उदाहरण याच यादीत आहे. तिथे बाहेरचा रेझिस्टर लागत नाही, पण तर्क उलटा होतो: दाबल्यावर लो, सोडल्यावर हाय. अर्धा कोड एका उदाहरणातून आणि अर्धी जोडणी दुसऱ्यातून घेतली, की ‘माझं बटण उलटं चालतं’ ही तक्रार जन्माला येते.

बरं, जोडणी नीट झाली. ब्लिंकच्या चार ओळींच्या वर बटण वाचायची ओळ टाकली. बटण दाबतो, काही होत नाही. पुन्हा दाबतो, काही नाही. दाबून धरलं तर कधीतरी होतं. वायर सैल आहे का, बटण खराब आहे का, याचा शोध सुरू होतो.

वायर ठीक आहे. डिले १००० म्हणजे चिपने डोळे मिटून हजारपर्यंत आकडे मोजत बसणं. तेवढ्या वेळात लूपमधली दुसरी कोणतीही ओळ चालत नाही. दोन डिले मिळून दोन सेकंद, आणि त्या दोन सेकंदांतून एकदाच, काही मायक्रोसेकंदांपुरतं, बटणाकडे बघितलं जातं. तुमचं बोट नेमकं त्या क्षणी बटणावर असेल तरच दखल घेतली जाणार. ब्लिंक एकटं होतं तेव्हा चिपला दुसरं कामच नव्हतं, म्हणून डिलेने कुणाचं काही बिघडलं नाही. उदाहरणाने वगळलेली गोष्ट ती हीच: दुसरं काम.

यावरचा उपाय याच यादीत ‘ब्लिंक विदाउट डिले’ नावाने हजर आहे. नवशिके त्याला वळसा घालून पुढे जातात, कारण ब्लिंक तर आधीच चाललेलं असतं. तेच काम जास्त ओळींत कशाला करायचं? दोन उदाहरणं एकत्र आणून तोंडघशी पडल्याशिवाय त्याची गरजच कळत नाही. आधी अडायचं आणि मग ते उघडायचं, हा क्रम मला जास्त पटतो.

त्यातला गाभा मराठीत लिहिला तर असा होतो:

आत्ता = मिलिस()
जर (आत्ता − मागे) ≥ १००० असेल तर:
  मागे = आत्ता
  दिव्याची स्थिती उलटी कर

‘मिलिस’ हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. इथे कुणी थांबत नाही. लूप सेकंदाला हजारो वेळा फिरतं, दर फेरीला ‘वेळ झाली का?’ एवढंच विचारतं आणि नसेल झाली तर पुढच्या कामाला लागतं. मग खाली बटणाची तपासणी ठेवा, त्याखाली दुसऱ्या वेगाने लुकलुकणारा दुसरा दिवा ठेवा, कुणी कुणाला अडवत नाही. मायक्रोकंट्रोलरवर एकाच वेळी चार कामं चालल्यासारखी दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा आत हेच चाललेलं असतं.

याही उदाहरणात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मोडून बघण्यालायक आहे. ‘मागे’ हे व्हेरिएबल त्यात ‘अनसाइन्ड लाँग’ (ऋण आकडे नसलेला मोठा पूर्णांक) प्रकारचं आहे. एवढं लांबलचक नाव कशाला, म्हणून ते ‘इंट’ (साधा पूर्णांक) करून बघा. कंपायलर काही बोलत नाही, अपलोड होतं, दिवा मस्त लुकलुकतो. घड्याळाकडे बघत थांबा. अर्धं मिनिट उलटतं, आणि ३३व्या सेकंदाच्या सुमारास लुकलुकणं बंद होऊन दिवा अर्धवट उजेडात सलग पेटल्यासारखा दिसू लागतो. तो परत ठिकाणावर येत नाही.

झालं काय, तर उनोवर इंट १६ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ३२,००० मिलिसेकंदांपर्यंत सगळं सुरळीत. ३३,००० साठवायची वेळ आली की तो आकडा मावत नाही आणि त्याजागी ऋण ३२,५३६ बसतो. आता ‘आत्ता’मधून ‘मागे’ वजा केलं की उत्तर येतं ६५ हजारांच्या वर. ते हजारापेक्षा मोठंच असतं, त्यामुळे अट दर फेरीला खरी ठरते आणि दिवा लूपच्या प्रत्येक फेरीत पेटतो-विझतो. डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो. गंमत अशी की हाच कोड ईएसपी३२ बोर्डावर टाकला तर अर्ध्या मिनिटाने काहीच होत नाही, कारण तिथे इंट ३२ बिटांचा आहे. ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही?’ या वादांमागे पुष्कळदा असलं काहीतरी निघतं.

अनसाइन्ड लाँगसुद्धा कधीतरी भरतोच. त्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत आकडे मावतात, म्हणजे मिलिस साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. मग पन्नास दिवसांनी यंत्र बंद पडायचं का? नाही, आणि याचं श्रेय त्या वजाबाकीला. समजा ‘मागे’मध्ये ४,२९,४९,६७,००० आहे आणि मिलिस शून्यावर येऊन ७०४ झालंय. चिन्हाशिवायच्या ३२ बिटांच्या गणितात ७०४ वजा ४,२९,४९,६७,००० याचं उत्तर बरोबर १००० येतं, कारण शून्यावर यायला २९६ लागले आणि पुढे ७०४ गेले. पण हीच अट कुणी ‘आत्ता ≥ मागे + १०००’ अशी लिहिली, तर बेरीज भरून वाहते, ७०४ होते, आणि वेळ व्हायच्या आधीच अट खरी ठरते. शाळेच्या बीजगणितात दोन्ही अटी एकच, चिपमध्ये नाहीत. उदाहरणात वजाबाकी लिहिली आहे ती सहज म्हणून लिहिलेली नाही, हे एका ओळीच्या टिपणीत सांगायला हरकत नव्हती.

बटणाचंही असंच एक गुपित आहे. ‘बटण किती वेळा दाबलं ते मोज’ असा प्रोग्राम केला, तर एकदा दाबल्यावर कधी एक, कधी तीन, कधी चार मोजले जातात. बटणातले धातूचे पत्रे एकमेकांवर आदळून काही मिलिसेकंद थरथरतात. आपल्या दृष्टीने ते काहीच नाही, पण १६ मेगाहर्ट्झच्या चिपसाठी एक मिलिसेकंद म्हणजे घड्याळाचे १६,००० ठोके. तिला ती थरथर म्हणजे भराभर दाबलेली बटणं वाटतात. ‘डिबाउन्स’ हे उदाहरण ५० मिलिसेकंद स्थिती न बदलता टिकली तरच ती खरी मानतं, आणि त्यातही तीच मिलिसची वजाबाकी असते. इथवर आलात की उदाहरणं सुटीसुटी न राहता एकमेकांत गुंफलेली दिसू लागतात.

आत डोकावायचं असेल तर

सगळ्यांनी लगेच डोकवायला हवं असं नाही. पण दोन-तीन खिडक्या जवळच आहेत. सी भाषेचा प्रोग्राम ‘मेन’पासून सुरू होतो असं पुस्तकं सांगतात, आणि ब्लिंकमध्ये मेन दिसत नाही. ते आर्डुइनोच्या मूळ फायलींत आहे: आधी टायमर वगैरेंची तयारी, मग सेटअप एकदा, मग न संपणाऱ्या चक्रात लूप. चार-सहा ओळींचा मामला आहे, उघडून वाचा, जादू संपते.

दुसरी खिडकी कंपाइल झाल्यावर खाली येणाऱ्या संदेशाची. ‘कमाल ३२,२५६ बाइट’ असं तिथे लिहिलेलं असतं. ३२ केबी म्हणजे ३२,७६८, मग ५१२ बाइट गेले कुठे? ते बूटलोडरने घेतले. यूएसबीवरून आलेला तुमचा प्रोग्राम चिपमध्ये भरणारा छोटा प्रोग्राम तो हाच.

तिसरी खिडकी रजिस्टरची, म्हणजे चिपच्या पिना वगैरेंवर ताबा ठेवणाऱ्या मेमरीतल्या छोट्या घरांची. उनोची पिन १३ म्हणजे चिपच्या ‘पोर्ट बी’चा ५ नंबरचा बिट. मोजणी शून्यापासून असल्याने या बिटाची किंमत ३२. जुन्या किंवा थेट चिपसाठी लिहिलेल्या उदाहरणांत ‘पोर्टबी’मध्ये १ पाच घरं डावीकडे सरकवून ‘ऑर’ केलेलं दिसतं, ते बघून लोक पान बंद करतात. तिथे अर्थ एवढाच आहे की पाच नंबरचा बिट १ कर आणि बाकीच्या सातांना हात लावू नकोस. ऑर न करता सरळ ३२ लिहिलं तर दिवा पेटेल, पण त्याच पोर्टवरच्या इतर पिना गुपचूप लो होतील. ही ओळ कळली की डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिका, उघडायची भीती निम्मी कमी होते. डेटाशीट शेकडो पानांची असते आणि ती सलग वाचायची नसते. उदाहरणात दिसलेल्या रजिस्टरचं नाव शोधायचं आणि तेवढंच पान वाचायचं.

दुसऱ्या बोर्डावरचं उदाहरण

इथे जरा सावध राहावं लागतं, कारण कोड बरोबर असूनही चालत नाही. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावरचा एलईडी २५ नंबरच्या पिनला आहे. नंतर आलेल्या पिको डब्ल्यूवर तोच एलईडी वायफायच्या चिपला जोडलेला आहे. पिकोसाठीचं, थेट २५ आकडा घालून लिहिलेलं ब्लिंक पिको डब्ल्यूवर टाकलं तर एरर येत नाही, फक्त दिवा पेटत नाही. म्हणून उदाहरणात थेट आकडा न लिहिता ‘एलईडी बिल्टइन’ असं नाव का वापरतात, हे इथे पटतं. अर्थात एका बोर्डाऐवजी दुसराच बोर्ड मेनूत निवडला असेल तर ते नावही उपयोगाचं नाही.

ईएसपी३२वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुल-अपही नाही. उनोसाठीचं पुल-अपचं उदाहरण तिथे ३४ नंबरवर चालवलं की बटण फ्लोटिंग होतं, तेच वर पाहिलेलं वेडेपण. वायफाय चालू असताना ईएसपी३२च्या दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेज आकड्यांत मोजणाऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत, त्यामुळे ‘सेन्सर वाच’ आणि ‘वायफायला जोड’ ही दोन्ही उदाहरणं सुटी चालतात आणि एकत्र केली की वाचन बंद पडतं. यात मात्र चूक महागात पडू शकते अशी एक गोष्ट आहे: उनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ आणि पिको ३.३ व्होल्टवर. अंतर मोजायच्या एचसी-एसआर०४ सेन्सरची ‘एको’ पिन ५ व्होल्ट देते. उनोच्या उदाहरणातली जोडणी जशीच्या तशी उचलून ईएसपी३२ला लावायची नाही. मधे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज कमी करायचं. कोड पुसून पुन्हा लिहिता येतो, जळलेली पिन परत येत नाही.

एसटीएम३२ या चिपच्या घराण्यात शिरणाऱ्यांना वेगळाच धक्का बसतो. तिथे प्रत्येक पोर्टचं (पिनांच्या गटाचं) घड्याळ, म्हणजे त्याला चालवणारे ठोके, आधी सुरू करावं लागतं, नाहीतर रजिस्टरमध्ये लिहिलेलं काहीच लागू होत नाही. उदाहरणातली घड्याळाची ती ओळ निरुपयोगी वाटते आणि कॉपी करताना हमखास मागे राहते.

मोठं उदाहरण वाचताना

सेन्सर किंवा डिस्प्लेच्या लायब्ररीबरोबर (तयार कोडच्या संचाबरोबर) येणारी उदाहरणं दोन-अडीचशे ओळींचीही असतात. ती पहिल्या ओळीपासून वाचू नयेत. लूप शोधायचं, माहिती आत कुठे येते आणि बाहेर कुठे जाते त्या दोन ओळी धरायच्या. मग सेटअप, आणि शेवटी वरचे आकडे आणि नावं. त्या आकड्यांपैकी कोणते तुमच्या जोडणीवर अवलंबून आहेत हे वेगळं काढा. दोन ओळींच्या एलसीडीच्या मागे लावलेल्या मॉड्यूलचा आयटूसी (दोन तारांवर अनेक वस्तू जोडायची पद्धत) पत्ता बहुधा हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला, २७ असतो, पण त्यावरची चिप जरा वेगळी असली की तो हेक्स ३एफ असतो. उदाहरणात एक, हातात दुसरं, आणि स्क्रीन कोरी. अशा वेळी आयटूसी स्कॅनर नावाचं छोटंसं उदाहरण चढवलं की जोडलेल्या वस्तूचा खरा पत्ता सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, येतो.

दिसला डिले की काढून टाक, असंही करायचं नाही. डीएचटी२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरच्या उदाहरणात दोन सेकंदांचा डिले असतो, कारण तो सेन्सर त्याहून भरभर नवं वाचन देत नाही. ती दोन सेकंदं पाळायचीच आहेत, फक्त डिलेऐवजी मिलिसने पाळता येतात. ब्लिंकमधले दोन सेकंद लेखकाच्या मर्जीचे होते, हे सेन्सरच्या स्वभावाचे आहेत. कोणता आकडा कोणत्या जातीचा, हे ओळखता आलं की कुठे हात लावायचा ते कळतं.

आत काय चाललंय ते बघायला सिरियल मॉनिटरवर मूल्यं छापणं हा सोपा उपाय, पण त्यालाही वेळ लागतो हे विसरू नका. ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त. लूपच्या प्रत्येक फेरीत लांब वाक्य छापलं तर सगळा प्रोग्राम त्या छपाईच्या वेगाने रांगतो, आणि जो बिघाड शोधायचा होता तो दिसेनासा होतो किंवा नवाच दिसू लागतो. मूल्य बदललं तरच छापा. मॉनिटरवर अगम्य चिन्हं उमटली, तर कोडमधला बॉड आणि मॉनिटरमधला बॉड जुळतोय का ते आधी बघा.

हात साफ करायला एक काम सुचवतो. लाल, पिवळा, हिरवा असे तीन एलईडी घेऊन सिग्नल बनवा: हिरवा आठ सेकंद, पिवळा दोन, लाल सहा. डिले वापरायचा नाही. त्यात पादचाऱ्यांसाठी एक बटण घाला. हिरवा चालू असताना ते दाबलं तर उरलेला वेळ न थांबता लगेच पिवळा लागला पाहिजे. आता कागद घ्या आणि लिहा: बटण पिवळ्यात दाबलं तर काय? लालमध्ये दाबलं तर? हिरवा लागून अर्धाच सेकंद झाला असताना दाबलं तर? आत्ता कोणता दिवा चालू आहे आणि तो कधी लागला, ही दोनच व्हेरिएबल लागतात, पण या तीन प्रश्नांची उत्तरं कोणत्याच उदाहरणात मिळणार नाहीत. ती तुम्हालाच ठरवावी लागतील.